स्टेरॉइड हार्मोन, अल्झायमर आणि मेंदूचा वाफसा

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, दारात कडुनिंब, त्याला पोरींसाठी झोका बांधलेला. मोठी माय ओट्यावर बसली होती. मी जेवून हात धुवून आले तर तिने विचारलं, "जेवनी का व?" जेवले म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी तिच्या शेजारी बसून बडीशेप चघळत होते. तेवढ्यात पोरींनी झोक्यावर अखजीचं गाणं धरलं, आणि पोरी जिथे अडखळल्या तिथे हिने पुढची ओळ उचलली. पार शेवटपर्यंत गेली, एक शब्द चुकला नाही.

मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. वय ७४. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं.

रात्री अंगणात खाटा टाकल्यावर चुलतभावाने विषय काढला. "ताई, तू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतेस, तूच सांग. ती गुडघ्यांसाठी इतकी वर्षं पुड्या घ्यायची. त्यात स्टेरॉइड असतं म्हणतात. त्यानेच झालं का हे?" वहिनी म्हणाली, पुड्यांचं काही नाही, पिशवी काढली तेव्हापासूनच बाईचं तंत्र बिघडलं, सासरे सांगायचे. दोघांचा वाद लागला. मला मात्र ऐकता ऐकता जाणवलं की दोघं एकच प्रश्न विचारताहेत. पुडीतलं औषध आणि पिशवीच्या ऑपरेशनबरोबर शरीरातून जे गेलं ते, दोन्ही एकाच कुळातले. त्या रात्री मी तुटक तुटक सांगितलं, इथे जरा नीट सांगते.

स्टेरॉइड हा शब्द आपल्याकडे बदनाम झालाय. जिममधल्या पोरांची इंजेक्शनं, कोविडमध्ये दिलेलं डेक्सामेथासोन, त्यामागून आलेली काळी बुरशी, एवढंच लोकांना आठवतं. पण स्टेरॉइड तुमच्या-माझ्या अंगात रात्रंदिवस तयार होत असतं. रेणूची एक ठरावीक घडण असते, त्या घडणीचं हे नाव: कार्बनच्या अणूंची चार कडी एकमेकींना चिकटलेली, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी. ही घडण येते कोलेस्टेरॉलमधून. ज्याच्या नावाने आपण तुपाची वाटी बाजूला सारतो, त्याच कोलेस्टेरॉलपासून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात, अंडाशयं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बनवतात, वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवतात. एकाच कणकेतून पोळी, पुरी आणि मांडे व्हावेत तसं. टेस्टोस्टेरॉनवर अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम काम करून गेलं की त्याचंच इस्ट्रोजेन होतं. पुरुषी आणि बायकी म्हणून आपण ज्यांना वेगळं काढतो त्या दोन हार्मोनांत अंतर इतकं थोडं आहे.

ही मंडळी चरबीच्या जातीची असल्यामुळे त्यांना पेशीत शिरायला अडचण पडत नाही. पेशीचं आवरणही चरबीचंच. इन्सुलिनसारखं हार्मोन पाहुण्यासारखं ओट्यावर थांबतं, निरोप देतं आणि निरोप आत पोचवणारे दुसरेच असतात. स्टेरॉइड घरच्या माणसासारखं थेट माजघर ओलांडून देवघरात जातं, म्हणजे जिथे जनुकं ठेवलेली असतात त्या केंद्रकात. आपल्या ग्राहीला, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला, धरून ते तिथे कोणतं जनुक चालू करायचं, कोणतं बंद, हे ठरवतं. म्हणून त्याचा परिणाम बराचसा सावकाश होतो, पण खोलवर होतो.

मेंदूत तर ते बाहेरूनच आलं पाहिजे असंही नाही. पॅरिसचे संशोधक एतिएन-एमिल बोलियू यांच्या गटाने १९८१ मध्ये दाखवलं की उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी आणि वृषणं काढून टाकली तरी त्यांच्या मेंदूत काही स्टेरॉइडं सापडतच राहतात. मेंदू ती स्वतःची स्वतः करतो. बोलियूंनी त्यांना न्यूरोस्टेरॉइड असं नाव दिलं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलपैकी २० ते २५ टक्के तिथे. तेही मेंदू स्वतःच बनवतो, तुपातलं तिथे पोचत नाही. तेव्हा मोठ्या मायच्या गावरानी तुपातलं कोलेस्टेरॉल थेट मेंदूत जाऊन साचलं, असं म्हणता येणार नाही.

आता अल्झायमर म्हणजे नेमकं काय होतं, ते थोडक्यात. १९०६ मध्ये जर्मनीतले डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका मृत रुग्ण बाईच्या मेंदूच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ती बाई पन्नाशीच्या सुरुवातीलाच सगळं विसरू लागली होती. त्यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता. गोळे अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाच्या तुकड्यांचे, गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा. त्यांच्या जोडीने मेंदूत सूज, पेशींमधले सांधे तुटणं आणि शेवटी पेशी मरणं. लवकर मार बसतो तो हिप्पोकॅम्पसवर. कानाच्या थोडं वर, आतल्या बाजूला असलेला हा भाग नवी आठवण पक्की करतो. जुन्या, हजारदा घोटलेल्या गोष्टी मेंदूत इतरत्र पसरलेल्या असतात. म्हणून अखजीचं गाणं राहिलं आणि मी जेवल्याचं गेलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे गोळे साचायला लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीच सुरुवात झालेली असते. मोठ्या मायचं विसरणं आमच्या लक्षात आलं सत्तरीनंतर, पण आतली सुरुवात पन्नाशीच्या आसपासची असणार. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

भावाच्या प्रश्नाकडे येते. पुडीतलं स्टेरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनच्या जातीचं औषध, हे आपल्या कॉर्टिसोलचं कृत्रिम भावंड. कॉर्टिसोल सकाळी उठायच्या सुमाराला वर चढतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्री तळाला असतं. संकट आलं की पुन्हा उसळतं, साखर मोकळी करतं, सूज दाबतं. त्याच्याशिवाय आपण जगू शकत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतले मेंदूचे संशोधक ब्रूस मॅकइवेन यांना दिसलं की उंदराच्या मेंदूत हे हार्मोन सगळ्यात जास्त हिप्पोकॅम्पसमध्येच जाऊन बसतं. तोवर मेंदूच्या या वरच्या कारभाराशी अधिवृक्क ग्रंथींचं काही देणंघेणं असेल असं फार कुणाला वाटत नव्हतं.

हिप्पोकॅम्पस तिथे आलेलं कॉर्टिसोल मोजतो आणि पुरे झालं की वरून आवरतं घ्यायला सांगतो. तो ब्रेकच आहे म्हणा. पण कॉर्टिसोल महिनोन्महिने चढलेलं राहिलं तर ब्रेकच झिजतो. पेशींच्या फांद्या आखडतात, सांधे कमी होतात. ब्रेक झिजला की कॉर्टिसोल आणखी वाढतं. कुशिंग नावाच्या आजारात शरीर अती कॉर्टिसोल बनवतं, आणि त्या रुग्णांचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसतो, स्मरणशक्ती मंदावते. दिलासा एवढा की उपचारानंतर तो काही प्रमाणात भरून येतो.

अल्झायमरच्या रुग्णांत सरासरीने कॉर्टिसोल जास्त आढळतं. त्याने रोग वाढतो, की रोगाने ब्रेक निकामी केल्यामुळे ते वाढतं? बी आधी की झाड आधी, तसा हा पेच आहे, आणि माझ्या वाचनाप्रमाणे दोन्ही थोडंथोडं खरं असावं. अल्झायमरची जनुकं घातलेल्या उंदरांना २००६ च्या एका प्रयोगात डेक्सामेथासोन दिलं, तर काही दिवसांतच त्यांच्या मेंदूतलं अमायलॉइड वाढलं. माणसांत तर उलट आशेने प्रयोग झाला होता. रोगात मेंदूला सूज असते, स्टेरॉइड सूज उतरवतं, मग देऊन पाहू, असा विचार. १३८ रुग्णांवर वर्षभर कमी डोसच्या प्रेडनिसोनची चाचणी झाली, २००० साली निष्कर्ष आले. स्मरणशक्तीची घसरण थांबली नाही, उलट औषध घेणाऱ्यांचं वागणं थोडं जास्त बिघडलं.

मग पुड्यांनी अल्झायमर झाला का? तसं म्हणायला पुरावा नाही, आणि मी भावाला तसंच सांगितलं. पण पुड्या निरुपद्रवी होत्या असंही मी म्हणणार नाही. आठवडी बाजारात बसणाऱ्या, डिग्री नसलेल्या एकाकडून त्या यायच्या, कागदात बांधलेल्या, नाव नाही, डोस नाही. घेतल्यावर तासाभरात ती उठून कापूस वेचायला जायची. तिचा चेहरा गोल झाला होता, गाल वर आले होते, आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, माय, तब्येत सुधारली तुझी! ती तब्येत नव्हती. असा गोल चेहरा जास्त स्टेरॉइडची जुनी खूण आहे. त्यानंतर तिला साखर निघाली, मग ब्लडप्रेशर. आणि मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही स्मृतिभ्रंशाची (अल्झायमर हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी आहेत. पुडीचा हात लागला असेल तर तो या आडवाटेने.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. हे वाचून कुणी आजी-आजोबांच्या पुड्या किंवा गोळ्या एकदम फेकून देऊ नका. बाहेरून स्टेरॉइड बराच काळ मिळत राहिलं की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. ते अचानक बंद झालं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरकडे जा आणि डोस हळूहळू उतरवून घ्या. दम्यासाठी, संधिवातासाठी डॉक्टरने मोजून दिलेलं स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट आहे. त्याला या भीतीत ओढू नये.

वहिनीचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

भारतात ६० वर्षांवरच्यांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. हा अंदाज २०२३ मध्ये देशभरच्या मोठ्या पाहणीतून आला. बायकांत प्रमाण ९ टक्के, पुरुषांत ५.८. खेड्यांत ८.४, शहरांत ५.३. बायका जास्त जगतात हे एक कारण, त्यांना शाळा मिळाली नाही हे दुसरं. मोठी माय दुसरीपर्यंत शिकली, पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसली. पण एवढ्याने पूर्ण उत्तर मिळत नाही, म्हणून नजर इस्ट्रोजेनकडे जाते.

इस्ट्रोजेन फक्त पाळीचं हार्मोन नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये त्याचे ग्राही आहेत. १९९० मध्ये असं दिसलं की उंदरिणीच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात हिप्पोकॅम्पसच्या एका भागातल्या पेशींच्या फांद्यांवरचे काटे, जिथे दुसऱ्या पेशी येऊन जोडल्या जातात, ते सुमारे ३० टक्क्यांनी कमी-जास्त होतात. चार-पाच दिवसांत! शिवाय इस्ट्रोजेन पेशींना साखर नीट वापरू देतं, आणि प्रयोगशाळेत पाहिलं तर अमायलॉइडचं मूळ प्रथिन निरुपद्रवी जागी कापलं जावं याकडे कल वाढवतं. पाळी जायच्या दिवसांत अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, नाव ओठावर येऊन अडतं. आपल्याकडच्या बायका या तक्रारी गर्भाशयाच्या खात्यात टाकतात, पण त्या मेंदूच्या आहेत. २०२४ मध्ये स्कॅनवरून असं दिसलं की पाळी गेल्यावर बायकांच्या मेंदूत इस्ट्रोजेनचे ग्राही कमी होण्याऐवजी वाढलेले असतात. पाऊस लांबला की झाडाने मुळं आणखी पसरावीत, तसं मला ते वाटलं.

आणि पाळी जाते कधी? भारतात सरासरी ४६-४७ व्या वर्षी. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलं तो पन्नाशीचा हिशोब आता जुळवून पाहा.

मग इस्ट्रोजेनची गोळी द्यावी की झालं! अमेरिकेतही तसंच वाटलं होतं. ६५ वर्षांवरच्या ४,५३२ बायकांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि त्यासोबत प्रोजेस्टेरॉनसारखं एक कृत्रिम औषध, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. २००३ मध्ये निकाल लागला तो उलटा: हार्मोन घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश दुप्पट. आकड्यात सांगायचं तर दर १०,००० बायकांमागे वर्षाला ४५, दुसऱ्या गटात २२. जगभरच्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला.

इथे मला आमच्या शेताची आठवण होते. काळ्या जमिनीत पाऊस पडल्या पडल्या औत घातलं तर चिखल होतो, ढेकळं बसतात. फार दिवस थांबलं तर जमीन आवळते आणि भेगा पडतात. मधले जे थोडे दिवस असतात, माती ना चिकट ना कोरडी, त्याला वाफसा म्हणतात, आणि पेरायचं ते वाफशावर. त्या चाचणीतल्या बायकांची पाळी जाऊन १५-२० वर्षं झाली होती. मेंदूने इस्ट्रोजेनविना राहायची सवय केली होती, काहींच्या मेंदूत अमायलॉइडही साचू लागलं असणार. वाफसा गेल्यावर केलेली पेरणी ती. हार्मोन तेच, पण जमीन ती राहिली नव्हती, असं अनेक संशोधक मांडतात.

ही मांडणी पटणारी आहे, पण ती सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही. कारण पाळी जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती अशा बायकांना चार वर्षं हार्मोन देऊन पाहिलं, तेव्हा स्मरणशक्तीला ना फायदा झाला ना तोटा. सुमारे दहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तरी तेच. म्हणून अल्झायमर टाळायला हार्मोनची गोळी घ्या असं आज कुणी जाणता डॉक्टर सांगत नाही. वाफा असह्य झाल्या म्हणून योग्य वयात, तपासण्या करून ती घेणं हा वेगळा निर्णय, आणि त्याला घाबरायचं कारण नाही.

पण पाळी आपल्या पावलाने न जाता एका दुपारी कापून काढली तर? दुसऱ्या दिवशी वहिनीने ट्रंकेतून लाल फडक्यात बांधलेले कागद काढले. सातबारा, रेशनकार्ड, आणि त्यांच्यात मोठ्या मायचं डिस्चार्ज कार्ड, घडीवर फाटलेलं. ऑपरेशनच्या वेळी वय ३८. निळ्या शाईत एक ओळ: टी.ए.एच. विथ बी.एस.ओ. घरातल्या कुणी ती कधी वाचली नव्हती, वाचली असती तरी कळली नसती. टी.ए.एच. म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढलं. बी.एस.ओ. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही काढली. वहिनी म्हणाली, "पण पिशवीच काढली होती ना?" घरात सगळे तेवढंच समजून होते, ती स्वतःसुद्धा.

नुसती पिशवी काढली तर अंडाशयं हार्मोन देत राहतात. दोन्ही अंडाशयं गेली तर इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत कोसळतं, आणि थोडंबहुत टेस्टोस्टेरॉन जे बाईला म्हातारपणीही अंडाशयातून मिळत असतं, तेही जातं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या वॉल्टर रोका यांच्या गटाने २००७ मध्ये असं दाखवलं की पाळी जायच्या आधी अंडाशयं काढलेल्या बायकांत पुढे बुद्धी मंदावण्याची आणि स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढते, आणि ऑपरेशन जितक्या कमी वयात तितकी जास्त. ज्यांना किमान ५० व्या वर्षापर्यंत इस्ट्रोजेन दिलं गेलं, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे, त्यावरून मोठ्या मायचा आजार त्या ऑपरेशननेच झाला असं कुणालाही म्हणता येणार नाही. पण ३८ ते ५० ही बारा वर्षं तिने काहीही न घेता काढली, आणि असं काही घ्यायचं असतं हे तिला कुणी सांगितलंही नाही. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. आमच्या खान्देशातूनही कुटुंबंच्या कुटुंबं ऊस तोडायला गुजरातेत जातात. अंगावरून पांढरं जातं, पाळीत रक्त फार जातं, मजुरी बुडते, आणि कुणीतरी म्हणतं काढून टाक एकदाचं. कधी ऑपरेशन खरंच लागतं, कॅन्सर असतो, गाठी असतात, तेव्हा ते जीव वाचवतं. प्रश्न आहे तो न विचारता काढलेल्या निरोगी अंडाशयांचा.

पुरुषांचं थोडक्यात. त्यांचं टेस्टोस्टेरॉन एकदम जात नाही, वर्षागणिक उतरतं, आणि शरीरात, मेंदूतसुद्धा, त्यातलं काही अरोमाटेजने इस्ट्रोजेन होतं. म्हणून सत्तरीतल्या म्हाताऱ्याच्या रक्तात त्याच्या बायकोपेक्षा इस्ट्रोजेन जास्त असू शकतं. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन देऊन विसरभोळेपणा जातो का हे ६५ वर्षांवरच्या पुरुषांत वर्षभर पाहिलं, २०१७ मध्ये निकाल आला: नाही. जाहिराती काही म्हणोत.

प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत बनणारं अ‍ॅलोप्रेग्ननोलोन हे मेंदूला शांत करणारं न्यूरोस्टेरॉइड. अल्झायमरच्या मेंदूत ते कमी सापडतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि अल्झायमरवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. माझं लक्ष तिकडे आहे.

आज हातात असलेलं मात्र साधं आहे. साखर आणि रक्तदाब ताब्यात, कान जड झाले तर मशीन, विडी-सिगारेट बंद, माणसांत उठबस. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये धोका वाढवणारी अशी १४ कारणं मोजली. ती सगळी आवरता आली तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. आणि कुणी विसरू लागलं तर म्हातारपण म्हणून सोडून न देता बी-१२, थायरॉइड आणि उदासपण एकदा तपासून घ्या. ही कारणं सापडली तर उपचाराने फरक पडतो.

वहिनी ४१ वर्षांची आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता ती हळूच म्हणाली, मलाही पिशवी काढायला सांगितलीय, गाठ आहे. मी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: ऑपरेशनच हवं का, की गोळ्यांनी भागेल? अंडाशयं चांगली असतील तर ठेवणार का? काढावी लागली तर ५० पर्यंत हार्मोन देणार का, की मला ते चालणार नाही? तिने ते वाचलं, तिसरा प्रश्न मोठ्याने दोनदा म्हटला, आणि घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलं. सोमवारी तिचा नंबर आहे.